अडकलेला बोअरर काढायचा पुलर: आठ महिने, सात झटापटी आणि तीन रबरी बुचं

पुलरच्या लोखंडाला दहापैकी नऊ, त्याच्या टोप्यांच्या रबराला शून्य. घाईत असाल तर एवढं पुरे. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण काल विक्रेत्याची पुन्हा एक मेल आली आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.

आधी हा पुलर घ्यायची वेळ का आली ते. बोअरर म्हणजे खोडात फिरवत घालून लाकडाचा बारीक नमुना काढायचं हातगिरमिट: पोकळ नळी, म्हणजे शाफ्ट, आणि ती फिरवायला आडवा दांडा. गेल्या नोव्हेंबरात परतवाड्याहून वर, सागाच्या जंगलात आम्ही वर्षवलयांचे नमुने घेत होतो. साग यासाठी सोन्यासारखं झाड. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांची वलयं वाचताना रडू येतं, सागाची मात्र पावसागणिक स्वच्छ दिसतात. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या मंडळींनी केरळातल्या सागावरून ५२३ वर्षांच्या वलयांची मालिका उभी केली, ती याच जोरावर. माझा बोअरर १६ इंची, ५.१५ मिलिमीटरचा, दोन आट्यांचा. दिवसातल्या सहाव्या झाडात दांडा फिरवता फिरवता हात एकदम हलका झाला. म्हणजे आत कुजलंय. तिथेच थांबून उलटं फिरायचं असतं हे मला माहीत होतं. तरी ‘अजून थोडं जाऊ, पलीकडे चांगलं लाकूड लागेल’ म्हणून मी चार फेरे जास्तीचे दिले.

मग नमुना काढायला उलटा फिरवला तर बोअरर गरागरा फिरतोय, पण जागचा हलत नाही. आटे फक्त टोकाला असतात, टोक कुजक्या भुशात, धरायला काही नाही. दोर आणला, दांड्याला बांधला, मागच्या झाडाला गुंडाळला, मधे काठी घालून पीळ दिला. एक जण पीळ धरून उभा, मी दांडा फिरवतेय, दांडा फिरला की दोराला गुंता. दोन तास गेले. बोअरर निघाला, पण तोवर माझ्या डोळ्यांपुढून त्याची किंमत दहा वेळा सरकून गेली होती. कस्टमसकट चाळीस हजारांच्या वर गेलेला, आणि तोही माझ्या खिशातून, प्रकल्पाच्या नव्हे.

रात्री मुक्कामावर कुणीतरी हमखास प्रोमिथियस नावाच्या झाडाची गोष्ट काढतंच, तशी ती निघाली. १९६४, अमेरिकेत नेवाडातलं व्हीलर पीक, डोनाल्ड करी नावाचा विद्यार्थी, ब्रिसलकोन पाइनचं म्हातारं झाड. बोअरर आत अडकला म्हणून झाड पाडलं असं एक जण सांगतो, बोअररनं धड नमुनाच मिळेना म्हणून पाडलं असं दुसरा. वनखात्याच्या परवानगीनं कापलं गेलं एवढं खरं. करीनं ४,८४४ वलयं मोजली, नंतरच्या मोजणीत ४,८६२ भरली. आमच्या सागाला फार तर दीडशे असतील, पण वनरक्षकाला ही गोष्ट सांगायची नाही असं सर्वानुमते ठरलं.

डिसेंबरात हा पुलर मागवला. ६,८०० रुपये, कुरिअर वेगळं. रचना तुम्हाला ठाऊक असेलच: खाच असलेल्या दोन जाड पत्र्याच्या थाळ्या, त्या बाजूनं सरकवून दांडा आणि खोड यांच्यामध्ये शाफ्टवर बसवायच्या. आतली थाळी तीन पायांवर खोडाला टेकते, बाहेरची दांड्याला आतून टेकते. मधले तीन बोल्ट पान्यानं थोडे थोडे फिरवले की थाळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि दांडा बाहेर ढकलला जातो. बाहेरच्या थाळीवर नायलॉनची चकती आहे, म्हणजे ताण असतानाही दांडा तिच्यावर फिरू शकतो. बोल्टांची धाव सहा सेंटिमीटर. जास्त अंतर असेल तर मधे घालायला नळीचे तुकडे दिलेत. वजन अडीच किलोच्या आसपास, पाठीवर जाणवतं पण चालतं.

आणि त्या तीन पायांना रबरी टोप्या. इथून माझं दुखणं सुरू.

जानेवारीत पहिल्यांदा वापरला. पुन्हा पोकळ साग, पुन्हा गरागरा. थाळ्या बसवल्या, बोल्ट अर्धा-अर्धा फेरा आळीपाळीनं ताणले, दांडा हळूहळू उलटा फिरवत राहिले. साधारण तीन सेंटिमीटर बाहेर आल्यावर हाताला तो ओळखीचा चिवटपणा लागला. आट्यांनी चांगलं लाकूड धरलं. मग पुलर सैल करून नेहमीसारखं फिरवून काढला. सगळं मिळून दहा मिनिटं. नोव्हेंबरचे दोन तास आठवून मी त्या थाळीवरून हात फिरवला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘काहून मॅडम, साल सोलून राहिले का झाडाची?’’

पाहते तर तीनपैकी दोन टोप्या पाचोळ्यात पडलेल्या, आणि उघडे लोखंडी पाय सागाच्या सालीत रुतलेले. सागाची साल दोरखंडासारखी, धाग्याधाग्यानं सुटते. पाय सरकला तशी टीचभर पट्टी सुटून लोंबत होती. वनरक्षकानं ती बोटानं उचलून पाहिली, खालचा ओला हिरवट थर दिसला, मग माझ्याकडे पाहिलं. परवानगीच्या कागदावर ‘झाडास इजा होणार नाही’ असं माझ्याच सहीनं लिहिलेलं. एवढ्याशा भोकासाठी मी जी माहितीपर व्याख्यानं देत आले होते, त्यांचं त्या पट्टीनं पार पोतेरं केलं.

टोप्या का पडतात? पायाचं टोक गुळगुळीत गोल, टोपी वरून नुसती दाबून बसवलेली, आत ना कड ना चिकटवण. ताण असेपर्यंत राहते, बोल्ट सैल केला की गळते. पाचोळ्यात काळी टोपी शोधणं म्हणजे काय ते सांगायला नको. सहा हजार आठशे रुपयांच्या वस्तूत दहा रुपयांचं रबर कुणी बसवायचं यावर कारखान्यात दोन मिनिटं विचार झाला नाही.

विक्रेत्याला फोटोसकट मेल केली. उत्तर: रबरी भाग झिजणारे असल्यानं वॉरंटीत येत नाहीत. मी लिहिलं, झिजले नाहीत हो, पडले. उत्तर: हरवलेले भागही वॉरंटीत येत नाहीत. मग टोपी सुटी विकत द्या. सुटी मिळत नाही, पायांचा संपूर्ण संच घ्यावा लागेल, १,१५० रुपये अधिक कुरिअर. मी तिथेच लॅपटॉप मिटला. पैशांचा प्रश्न नाही असं म्हणणारे म्हणोत, माझ्या बाबतीत पैशांचाच आहे.

फेब्रुवारीत या रागात आणखी तेल पडलं. एका झाडात बोअरर असा बसला की कुठल्याच बाजूला फिरेना. पुलर लावला, बोल्ट ताणले, आणखी ताणले, बाहेरची थाळी किंचित वाकली, बोअरर ढिम्म. संध्याकाळी ओळखीच्या संशोधकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘पैसे पाण्यात, कुणी घेऊ नका.’

ते शब्द मागे घेते. तेव्हा मी दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध लावत होते. बोअरर फिरतो पण बाहेर येत नाही, हे एक. तिथे बाहेरून ताण हवा आणि त्याच वेळी फिरवता यायला हवं. पुलर त्यासाठीच आहे. बोअरर फिरतच नाही, हे दुसरं. तिथे ओढून काही होत नाही, उलट आटे आणि थाळी दोन्ही जातात. आणि तो फिरत नव्हता त्याला कारण मीच. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती धार खाते. पन्नासेक झाडांनंतर टोक बोथट झालं होतं, नमुना कापला जाण्याऐवजी आत पिळून ठासला जात होता. त्यात मी बोअरर आत ठेवून ‘डबा खाऊन येऊ’ म्हणून गेले. अर्ध्या तासात लाकडानं त्याला मिठी मारली. शाळकरी चूक आहे, आणि मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते की नमुना ओढून घेतला की बोअरर लगेच बाहेर.

शेवटी पुलर काढून ठेवला, शाफ्टच्या तोंडाशी मधमाशीचं मेण चोळलं आणि दांडा पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, असं चाळीस मिनिटं. दांड्यात पाइप घालून जोर वाढवायचा सल्ला सोबतच्या एका भावानं दिला, तो हात जोडून नाकारला. शाफ्ट पोकळ असतो, पीळ पडून तुटला की अर्धा झाडातच राहतो. पुलरबरोबर आलेल्या माहितीपत्रकात या फरकाचं एक वाक्यही नाही, हा दोष मात्र मी त्यांच्याच पदरात घालते.

आता रबर. मार्चमध्ये पुण्यात आईसाठी गुडघ्याचा पट्टा घ्यायला औषधाच्या दुकानात गेले, तर काउंटरवर काठीच्या खालच्या रबरी बुचांचा डबा. पिशवीतून पुलरचा पाय काढला (हो, मी तो घेऊन फिरत होते) आणि घालून पाहिला. पाऊण इंची बूच असं गच्च बसलं की काढताना नखाला लागलं. आत कड आहे, तळाला पत्र्याची चकती आहे, खाली पकडीला वळ्या आहेत. पंचवीस रुपयांना एक. तीन मागितली तर दुकानदार म्हणाले, ‘‘तीन पायांची काठी आहे का? त्याची बुचं वेगळी येतात हो ताई.’’ मी चौथंही घेतलं. शंभर रुपये.

एप्रिलच्या फेरीत त्या बुचांवर तीन पोकळ झाडांतून बोअरर काढला. एकही बूच हललं नाही, सालीवर नुसता गोल ओलसर ठसा. वनरक्षकानं मुद्दाम वाकून पाहिलं आणि काही बोलला नाही. हे त्याचं प्रशस्तिपत्र समजते.

दोराशी तुलना बरेच जण विचारतात. ट्रकवाल्यांच्या दुकानात मिळणारा, माल आवळायचा रॅचेट बेल्ट मी ३८० रुपयांना घेतला आणि फेब्रुवारीत एकदा मुद्दाम पुलरऐवजी वापरला. लागवडीचा साग असेल, ओळीत दोन-दोन मीटरवर झाडं असतील, तर बेल्ट झकास. दांड्याला घट्ट बांधण्याऐवजी मधे फिरणारी कडी घाला, म्हणजे गुंता होत नाही. पण बांधावरचं एकटं झाड असेल तर बेल्ट बांधणार कशाला? आणि ताण जरा तिरका बसला की शाफ्ट वाकतो. पुलरचा ताण नेमका शाफ्टच्या रेषेत येतो, याचे पैसे मी द्यायला तयार आहे. एक सावधगिरी दोन्हींत हवी: सगळा भार दांड्यातल्या त्या छोट्या खिट्टीवर येतो. मी ती आता बाइंडिंगच्या तारेनं बांधून टाकते.

वाड्याची गोष्ट सांगायला लाज वाटते, तरी सांगते. वाईला एका ओळखीच्या वाड्यातल्या सागवानी खांबाचं वय काढून हवं होतं, आणि मी झाडाचाच बोअरर घेऊन गेले. जुन्या सुक्या लाकडात तो चालवायचा नसतो, त्यासाठी ड्रिलला लावायचे पोकळ बिट असतात. चार सेंटिमीटरवर शाफ्ट हात लावता येईना इतका तापला आणि बसला. पुलर लावून पाहिला, कारण काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं. बोअरर निघाला तो मेणबत्ती आणि पाव-पाव फेऱ्यांनीच. पण शंभर वर्षं तेल पिऊन चकाकणाऱ्या खांबावर माझ्या लाडक्या बुचांचे तीन काळेकुट्ट गोल उमटले. वाड्यातल्या काकू काही बोलल्या नाहीत. खोबरेल तेलाची वाटी आणि जुन्या धोतराचा तुकडा माझ्या हातात दिला आणि चहा ठेवायला गेल्या. दोन गोल गेले. तिसरा अजून आहे, आता त्याच्यासमोर कुंडी ठेवलीय म्हणे. तेव्हापासून बुचाखाली कापडाची घडी घालते.

घ्यावा का? वर्षाला दहा-पंधरा झाडं करत असाल तर नको. बेल्ट घ्या, धार लावायचा दगड घ्या, मेण घ्या, हात हलका झाला की थांबायची सवय लावा. पोकळ झाडांत नेहमी काम असेल तर घ्या, आणि घेतल्या दिवशी टोप्या काढून फेकून द्या. वाकलेली थाळी भोसरीतल्या लेथवाल्यानं दीडशे रुपयांत सरळ करून दिली. त्याच्या मते नायलॉनच्या चकतीऐवजी पितळेची हवी. चकतीवर मला तरी अजून ओरखडाही दिसत नाही.

तर कालची मेल. ‘सुधारित आवृत्ती’ आली आहे, टोप्या आता चिकटवून मिळतात, जुन्या ग्राहकांना सवलतीत ७,४०० रुपये. मी उलट टपाली विचारलंय की नुसता तो डिंक कुठला वापरला तेवढं सांगाल का. अजून उत्तर नाही.