एम.प्लॅन की पर्यावरण व्यवस्थापन?

पदवीनंतर एम.प्लॅन (नगरनियोजनाची पदव्युत्तर पदवी) करावं की पर्यावरण व्यवस्थापनाकडे वळावं, हा प्रश्न. पुण्यात मुठेकाठचा एखादा भूखंड डोळ्यांसमोर आणा. जलसंपदा विभागाने तिथे निळी पूररेषा आखलेली असते (25 वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि त्यापलीकडे लाल (100 वर्षांतून एकदा येणारा). त्या रेषा विकास आराखड्यावर घ्यायच्या, आत काय बांधू द्यायचं ते ठरवायचं, उद्यानाचं आरक्षण टाकायचं, वर लोकांच्या हरकती-सूचना ऐकायच्या, हे नगररचनाकाराचं काम. पुढे तिथेच 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा प्रकल्प आला, की केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. मग सांडपाणी, राडारोडा, भूजल यांचा हिशेब मांडायला पर्यावरणवाले येतात. कागदावर पर्यायी जागांचाही विचार असतो, पण प्रत्यक्षात जागा बहुधा आधीच ठरलेली असते. माझा कल एम.प्लॅनकडे आहे तो यामुळेच.

अर्थात तिथला दरवाजा अरुंद आहे. प्रवेश मुख्यतः आर्किटेक्चर, सिव्हिल किंवा बी.प्लॅनवाल्यांना (नियोजनाची पदवी); काही संस्थांत भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राचे एम.ए. चालतात. दिल्लीच्या एसपीएत (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) 'पर्यावरण नियोजन' हीच एम.प्लॅनची शाखा आहे. दोन्हींत मन अडकलं असेल तर आधी ती बघा. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात स्टुडिओवर (प्रत्यक्ष आराखडे करत शिकण्यावर) भर असतो, पण फी सरकारी संस्थांपेक्षा बरीच जास्त. आणि एक: फक्त सहायक नगररचनाकार व्हायचं म्हणून एम.प्लॅन करत असाल तर थांबा. एमपीएससीच्या जाहिरातींत त्या पदाला सिव्हिल किंवा आर्किटेक्चरची पदवीही चालत आली आहे.

बी.एस्सी. झालेल्यांना पर्यावरण व्यवस्थापन सोपं पडतं. दिल्लीचं टेरी स्कूल ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज (पूर्वीचं टेरी विद्यापीठ) किंवा मुंबईचं टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) बघा; टिसमध्ये हवामान बदलाचा अभ्यासक्रम समाजशास्त्रीय अंगाने जातो. नोकऱ्या खासगी क्षेत्रात जास्त. पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल नॅबेट या मानांकन मंडळाची मान्यता असलेल्या सल्लागार संस्थेकडूनच करून घ्यावे लागतात, आणि शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा वार्षिक अहवाल बंधनकारक केल्यापासून तिथेही माणसं लागतात. मात्र यातलं पुष्कळसं काम तक्ते भरण्याचं असतं, ते आवडेल का हे स्वतःला विचारा.

परदेशाचा विचार असेल तर जर्मनीतल्या डॉर्टमुंड विद्यापीठाचा 'स्प्रिंग' अभ्यासक्रम विकसनशील देशांतल्या नियोजनावरच बेतलेला आहे. पण डाड या जर्मन शैक्षणिक संस्थेच्या विकासविषयक शिष्यवृत्तीसाठी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, त्यामुळे पदवीनंतर लगेच अर्ज करण्यात अर्थ नाही.