गेटवरचं ॲप: आठ महिने वापरल्यानंतर

पुण्यात कर्वेनगरातली आमची सोसायटी, तीन विंग, ८४ फ्लॅट. गेल्या गणपतीनंतर कमिटीने गेटवरची वही बंद केली आणि ॲप आणलं. नाव लिहीत नाही, अशी चार-पाच बाजारात आहेत. मी बँकेतून निवृत्त, सोसायटीची दोन वेळा खजिनदार. मेंटेनन्समधून या ॲपला किती जातात ते मला पाठ आहे.

आधी चांगलं. कुरिअरवाला आला की मोबाईल वाजतो, हो म्हटलं की माणूस वर येतो. गावाला गेले असले तर पार्सल गेटवर ठेवायला सांगता येतं. जुन्या वहीत 'कुणाकडे' या रकान्यात 'वर' एवढंच लिहिलेलं असायचं. शिवाय वहीतला पुढच्या बाईमाणसाचा नंबर मागचा कुणीही टिपून घेऊ शकायचा. ते थांबलं, हे मोठंच काम झालं.

आता आमच्या कामाच्या बाई. माझ्याकडे १९ वर्षं येतायत. ॲपमध्ये त्यांचा फोटो, मोबाईल नंबर, कुठल्या कुठल्या घरी जातात, किती वाजता आल्या-गेल्या, सगळं ८४ घरांना दिसतं. खाली चांदण्या: ४.१. कुणीतरी 'अनियमित' असा शेराही मारलाय. त्या महिन्यात त्यांच्या सुनेचं बाळंतपण होतं. बाईंना स्वतःला यातलं काही दिसत नाही, मीच दाखवलं. त्यांनी विचारलं, "काकू, आम्हाला पण देता येतात का चांदण्या?" नाही येत. कुणाचा पगार दहा तारखेपर्यंत रखडतो, कोण कान तुटलेल्या कपात चहा देतं, याला ॲपमध्ये जागा नाही. मी दिलेली साडी घरी नेतानाही गेटवर पिशवी उघडायची आणि माझ्या मोबाईलवरून मंजुरी यायची वाट बघायची. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला होता. त्यांच्याबद्दल काही ठरवताना त्यांना विचारायचं असतं, हे या शहराला तरी सांगावं लागू नये.

संमतीचं म्हणाल तर ती इंग्रजीत होती आणि बटण वॉचमननेच दाबलं. मी सेक्रेटरींना म्हटलं, २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ते म्हणाले, आपण काय सरकार आहोत का? बरं, नाही. पण डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा खासगी कंपन्यांनाही लागतो. माहिती कशासाठी घेताय ते मराठीत वाचायची सोय द्यायची आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत. "मग अजून वेळ आहे की," सेक्रेटरी म्हणाले.

खरी गोष्ट मागच्या गेटची. ॲपचा मोबाईल एकच, त्याची काच तडकलेली, आणि रात्री वॉचमनही एकच, बारा तासांच्या ड्यूटीवर. म्हणून 'सुरक्षेसाठी' मागच्या गेटला कुलूप. जानेवारीत 'फॉर्म बी', म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, त्यासाठी तपासणीला आलेल्या माणसाने ते गेट अडवू नका म्हणून सांगितलं होतं. फेब्रुवारीत एका रात्री शेजारचे आजोबा बाथरूममध्ये पडले. १०८ ला फोन केला. ॲम्ब्युलन्स मॅप बघून मागच्या गल्लीत आली. कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे, त्यांचा फोन सायलेंटवर. वळसा घालून पुढच्या गेटला आली, तर वॉचमन ॲपवर मंजुरी मागतोय आणि आजोबांचा मोबाईल त्यांच्याच उशाशी वाजतोय: 'पाहुणे: ॲम्ब्युलन्स. येऊ द्यायचं?' शेवटी मी गाऊनवर खाली पळाले आणि आडवा दांडा हाताने उचलला. आजोबा वाचले, खुब्याचं ऑपरेशन झालं. ॲपमधली नोंद मात्र बिनचूक: विनंती २:४१, प्रवेश २:४७.

वॉचमनला बोलण्यात अर्थ नव्हता. नोंद न करता कुणाला सोडलं तर पगार कापू, अशी तंबी त्याला आमच्याच कमिटीने दिलेली.

सभेत हे काढलं तर कुणीतरी जर्मन बेकरी काढलीच. फेब्रुवारी २०१०, १७ माणसं गेली, ती भीती खोटी नाही. पण तिथे स्फोट बेवारस पिशवीत झाला होता, त्याचा धडा आम्ही बाईंच्या साडीच्या पिशवीवर गिरवतोय. रात्री दोन वाजता आपल्यातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर काय, हा प्रश्न ॲप घेताना कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

कंपनीच्या मुलाला फोन लावला. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनाला थेट सोडायची सोय ॲपमध्ये पहिल्यापासून आहे, कमिटीने चालू केली नव्हती, एवढंच. दोन मिनिटांत झालं. मागच्या गेटपाशी काचेच्या पेटीत किल्ली लटकवली, खर्च ३५० रुपये. पुणेरी पाट्या लिहिणाऱ्यांच्या पुढच्या पिढीतल्या कुणीतरी वर लिहिलंय: 'काच फोडण्यापूर्वी खरंच गरज आहे का, याचा विचार करावा.'

चांदण्या बंद होतील का, विचारलं. "मॅडम, ते फीचर सगळ्यांना आवडतं," म्हणाला.

कुरिअरसाठी एक, वही गेली म्हणून एक. पाचपैकी दोन. बाईंच्या ४.१ आहेत अजून.