वायगावची हळद, दोन महिने वापरून

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव हळद्या माझ्या माहेरापासून लांब नाही, तरी त्या गावची हळद मी स्वतः विकत आणली ती यंदा. नागपुरात बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथून अर्धा किलोची पुडी आणि पाव किलो हळकुंडं घेतली. भाव नेहमीच्या हळदीच्या जवळपास दुप्पट.

आधी स्वयंपाकातलं सांगते. रंग पिवळ्यापेक्षा केशरीकडे झुकणारा. पहिल्या दिवशी सवयीने वरणात नेहमीएवढी टाकली, तर वरण कडसर झालं. आता निम्मीच पुरते, त्यामुळे भाव जड वाटत नाही. डबा उघडला की ओल्या मातीचा आणि मागून किंचित कापरासारखा वास येतो. बाजारच्या हळदीला हा वास मी कित्येक वर्षांत घेतला नव्हता. ही हळद तापलेल्या तेलात चटकन करपते, म्हणून कांदा परतून झाल्यावरच घालते.

या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं ते याच गावच्या नावाने. तिच्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, सहा टक्क्यांच्या वर असतं असं सांगतात. साध्या हळदीत ते तीनच्या आसपास. हळदीचा पिवळा रंग आणि सूज कमी करण्याचा गुण, दोन्ही मुख्यतः या कुरकुमिनचेच.

आता माझी तक्रार. पुडीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय: जखमेवर लावा, सांधेदुखी, मधुमेह, कॅन्सरवर गुणकारी. मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यातली निम्मी ड्रेसिंग रूममध्ये. कुऱ्हाडीचा घाव, विळा लागलेला, बैलाने मारलेला, असे पेशंट जखमेत मूठभर हळद दाबून यायचे. ती धुता धुता सलाइनच्या बाटल्या संपायच्या. हळदीचा गोळा रक्तात घट्ट बसतो, जखमेच्या कडा दिसत नाहीत, खाली माती आहे का कळत नाही, आणि पेशंट कळवळत असतो. हळद जंतू रोखते हे खोटं नाही. प्रयोगशाळेत कुरकुमिन पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूंची वाढ थांबवतं. पण तिथे शुद्ध द्रव्य मोजून घालतात. आपली भुकटी अंगण, पोतं, गिरणी आणि दहा हात फिरून येते, तिच्यात स्वतःचेच जंतू असतात. उघडी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं दवाखान्यात विचारा. माझ्या सख्ख्या भावालाही मी हेच सांगते.

हे लिहिताना १९९७ आठवतं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये मिळालं होतं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर सर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा शोधनिबंध पुढे ठेवून ते रद्द करवलं. पेपरातली ती बातमी मी ड्यूटीवर मोठ्याने वाचून दाखवली होती. आमचं ज्ञान आमचंच, याचा अभिमान आजही आहे. म्हणूनच त्या ज्ञानाच्या नावावर पुडीवर वाट्टेल ते छापलं की मला राग येतो.

सांधेदुखीचं थोडं वेगळं आहे. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला. चार आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क घेणाऱ्यांना आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांइतकाच आराम पडला, पोटाचा त्रासही कमी झाला. पण तो अर्क होता. चमचाभर, म्हणजे तीन ग्रॅम, वायगावची हळद घेतली तरी कुरकुमिन जेमतेम १८० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही रक्तात फार थोडं उतरतं. तूप आणि मिरीने शोषण वाढतं, म्हणून आमच्या ह्यांच्या रात्रीच्या दुधात मी दोन्ही घालते. त्यांना बरं वाटतं, गुडघा मात्र तसाच दुखतो. कॅप्सूल घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच; रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर विचारल्याशिवाय नकोच. मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलने काहींचं यकृत बिघडल्याची उदाहरणं आहेत.

अजून एक. पुडी पारदर्शक प्लास्टिकची आहे. उजेडाने कुरकुमिन उडतं, रंग फिका पडतो. एवढी चांगली हळद अशी ठेवणं बरं नाही. मी आणल्या दिवशीच स्टीलच्या डब्यात काढली. पुडीवर पॅकिंगची तारीख आहे, हळद कधीची ते नाही.

हळकुंडं मात्र उत्तम निघाली. मोडली की आतून गर्द केशरी, आवाज खणखणीत. शेजारच्या गिरणीत दळून घेतली ती भुकटी पुडीपेक्षाही वासाला सरस. गटातल्या ताईंना फोन करून कागद बदलायला सांगितला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. होळीनंतरच्या नव्या हळदीतली दोन किलो हळकुंडं त्यांच्याकडेच सांगून ठेवली आहेत.