संशोधनासाठी विषय निवडताना: लॅन्थेनाइड की ॲक्टिनाइड?

असेंद्रिय रसायनात संशोधन करायचं ठरलंय, एफ-गट (लॅन्थेनाइड आणि ॲक्टिनाइड या दोन ओळींतली मूलद्रव्यं) आवडतो, पण त्यांपैकी कोणती ओळ धरावी हे कळत नाही, अशांसाठी हे लिहिलं आहे. आवर्तसारणीच्या तळाशी या ओळी जुळ्या दिसतात. द्रावणात उतरल्या की स्वभाव वेगळे निघतात.

लॅन्थेनाइडांचे ४एफ इलेक्ट्रॉन अणूत खोलवर असतात आणि बंधात जवळपास भागच घेत नाहीत. त्यामुळे बहुतेकांचा भार ठरलेला: +३. सिरियम +४ ला चढतं, युरोपियम +२ ला उतरतं, बाकी फारशी उलथापालथ नाही. लॅन्थेनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनाची त्रिज्या मात्र १०३ पिकोमीटरवरून ८६ वर येते. भार तोच आणि आकार तेवढा हळूहळू घटणारा, अशी लांबलचक मालिका दुसरीकडे मिळत नाही. आकाराचा परिणाम तपासायचा असेल, तर याहून चांगलं साधन नाही. हेच साम्य वेगळं करायला बसलं की जीव खातं. थुलियम हा लॅन्थेनाइड शुद्ध मिळवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स जेम्स यांनी त्याच्या ब्रोमेट क्षाराचं सुमारे १५,००० वेळा पुनःस्फटिकीकरण केलं. ते वर्ष १९११.

ॲक्टिनाइडांच्या पूर्वार्धात चित्र पालटतं. इथले ५एफ कक्षक (इलेक्ट्रॉन जिथे वावरतात त्या जागा) बाहेरपर्यंत पसरतात, ६डी कक्षकांच्या ऊर्जेशी जवळीक साधतात आणि बंधात उतरतात. युरेनियम +३ पासून +६ पर्यंत जातं, नेपच्युनियम आणि प्लुटोनियम तर +७ पर्यंत. आम्लधर्मी द्रावणात प्लुटोनियमच्या +३, +४, +५ आणि +६ या चारही अवस्था एकत्र नांदू शकतात, कारण त्यांच्यातली रेडॉक्स विभवं (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ दाखवणारे आकडे) सगळी एक व्होल्टच्या आसपास आहेत. निळसर जांभळा +३ आणि तपकिरी +४ डोळ्यांनीसुद्धा ओळखता येतात. युरेनिल आयनात युरेनियमच्या दोन्ही बाजूंना सरळ रेषेत ऑक्सिजन घट्ट बसलेले असतात. लॅन्थेनाइडांच्या नेहमीच्या रसायनात याला जोड नाही.

अमेरिशियमपासून पुढे मात्र +३ चंच राज्य सुरू होतं (नोबेलियमला +२ जास्त रुचतं, तो अपवाद). अमेरिशियमचा Am³⁺ आणि निओडिमियम या लॅन्थेनाइडाचा Nd³⁺ यांच्या त्रिज्यांत जेमतेम एका पिकोमीटरचा फरक आहे. वापरलेल्या अणुइंधनातून अमेरिशियम आणि लॅन्थेनाइड वेगळे करणं अवघड जातं ते यामुळेच. ऑक्सिजनने बांधणाऱ्या लिगंडांना (धातूच्या आयनाला धरून ठेवणाऱ्या रेणूंना) दोघांत फारसा फरक कळत नाही. नायट्रोजन किंवा गंधक असलेले मृदू लिगंड अमेरिशियमकडे किंचित जास्त झुकतात, आणि त्या किंचितवरच सगळी विलगीकरणाची पद्धत उभी राहते. माझ्या मते एफ-गटातला सर्वांत सुंदर प्रश्न हाच.

किरणोत्साराचा मुद्दा सरळ आहे. लॅन्थेनाइडांत स्थिर समस्थानिक नाही ते फक्त प्रोमेथियमला. ॲक्टिनाइड सगळेच किरणोत्सारी. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य सुमारे १४ अब्ज वर्षं, म्हणून परवाना आणि नियम पाळून ते साध्या प्रयोगशाळेतही हाताळता येतं. प्लुटोनियम-२३९ चं २४,१०० वर्षं. तिथे ग्लोव्हबॉक्सशिवाय (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीशिवाय) काम नाही.

चकाकी, चुंबकत्व, उत्प्रेरण यांत रस असेल तर लॅन्थेनाइड घ्या. बंध आणि रेडॉक्स खुणावत असतील तर ॲक्टिनाइड घ्या, पण सुरुवात थोरियम-युरेनियमपासून करा. प्लुटोनियमऐवजी सिरियम वापरून भागवण्याची पद्धत आहे. Ce⁴⁺ आणि Pu⁴⁺ यांचे आकार जुळतात, त्यामुळे स्फटिकरचनेपुरतं ते चालतं. पण सिरियम +४ च्या वर जात नाही, तेव्हा प्रश्न +५ किंवा +६ चा असेल तर त्या प्रयोगातून उत्तर मिळणार नाही.