ग्रेट डेन की जर्मन शेफर्ड? आजारपण आणि खर्च बघून ठरवा
आमच्याकडे कोथरूडला 11 वर्षं जर्मन शेफर्ड होता आणि भावाकडे बाणेरला ग्रेट डेन आहे, त्यामुळे दोन्हीकडचं जवळून बघितलंय. शेफर्डचं दुखणं हळूहळू येतं. खुब्याचा सांधा नीट बसत नाही, हिप डिस्प्लेसिया, आमचा शेरू म्हातारपणी टाइल्सवरून उठताना मागचे पाय फाकायचे त्याचे, नखं करकर वाजायची, शेवटी घरभर सतरंज्या टाकल्या. एक्सरे, पेनकिलर, सांध्यांच्या गोळ्या, खर्च दर महिन्याला असतोच पण सावरायला वेळ मिळतो.

डेनचं तसं नाही. पोटात हवा भरून पीळ बसला तर हातात काही तासच असतात, पोट टम्म, ओकारीचे उमाळे येतायत पण बाहेर काहीच पडत नाही असं दिसलं की सकाळपर्यंत थांबायचंच नाही, रात्रीच डॉक्टर गाठायचा, बहुतेक ऑपरेशनच लागतं. शेफर्डलाही होतं हे, पण डेनला धोका खूप जास्त. नसबंदीच्या वेळीच जठर आतून टाके घालून पक्कं करून घेता येतं, भावाने केलं, माझ्या मते सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा तो. शिवाय हृदयाचा आजार, हाडांचा कॅन्सर, आणि आयुष्य साधारण 7 ते 10 वर्षं, हे फार जिवाला लागतं हो.

गोळ्या, भूल सगळं वजनावर, म्हणजे 65 किलोच्या डेनला 32 किलोच्या शेफर्डच्या दुप्पट. पावसाळ्यात गोचीडताप मात्र दोघांनाही. पहिल्यांदाच पाळताय तर शेफर्ड घ्या, फक्त पिल्लाच्या आईबापाच्या खुब्यांचे एक्सरे आधी मागा.