चेहऱ्याला मार्क देणारं अ‍ॅप, 1 स्टार

भाचीने माझ्या मोबाईलवर हे अ‍ॅप टाकलं. सेल्फी काढला की चेहऱ्यावर रेषांची जाळी येते, नाक-डोळे-हनुवटी सगळं मोजतं आणि 10 पैकी मार्क देतं. तिला 6.1 मिळाले, खाली लाल अक्षरात 'नाक रुंद'. पोरगी 14 वर्षांची. "मावशी, माझं नाक खरंच एवढं मोठंय?" एवढंच बोलली आणि मग रात्री जेवतानासुद्धा मधेमधे नाकावर हात ठेवत होती, ते बघून माझ्या पोटात कालवलं.

दुसऱ्या दिवशी तिला त्याच खिडकीपाशी उभं केलं आणि आधी तिने हातात धरून सेल्फी काढला, मग मी 5 फुटांवरून तिचा फोटो काढला, बाकी काहीही बदललं नाही. सेल्फीला परत 6.1, माझ्या फोटोला 7.3! कॅमेरा जवळ असला की चेहऱ्याचा पुढे आलेला भाग मोठा दिसतो, म्हणजे नाकच. 2018 मध्ये प्लास्टिक सर्जरीवाल्यांनीच याचं गणित मांडलंय, 12 इंचांवरच्या सेल्फीत नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतं. मग अ‍ॅपने अंतर आधी विचारायला नको?

वर लिहिलंय 'सायंटिफिक', आधार कसला तर 1.618, गोल्डन रेशो, म्हणजे दोन मापांमधलं एक ठरावीक प्रमाण. आकडा गणितात खरा आहे, पण त्या मापात बसणारा चेहराच सुंदर हे कुणी सिद्ध केलेलं नाही. बॉडीच्या टॅबमध्ये कंबर भागिले नितंब 0.7 'आदर्श' म्हणून दिलंय. हे मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंग यांच्या 1993 च्या अभ्यासातून आलंय, त्यात बायकांची चित्रं दाखवून पुरुषांना कुठली आवडते ते विचारलं होतं. तो अभ्यास खरा आहे, पण 1998 मध्ये पेरूच्या जंगलातल्या मात्सिगेन्का लोकांना तशीच चित्रं दाखवली तर बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नसलेल्या पुरुषांना जाड कंबरेच्या बायका जास्त आवडल्या. हे अ‍ॅपमध्ये कुठेच नाही.

आणि मशीनला शिकवायला कुणाचे फोटो वापरले तेही सांगत नाहीत. 2016 ची ब्युटी डॉट एआय ही ऑनलाइन सौंदर्यस्पर्धा आठवा, मशीनने निवडलेले 44 विजेते, जवळजवळ सगळे गोरे.

निदान 18 च्या खालच्या मुलींना तरी हे उघडू देऊ नका, कळकळीने सांगतेय. मी काढून टाकलंय. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून भाचीला दाखवले, बराच वेळ झूम करून बघत होती, मग म्हणाली, "मावशी, तू काढलेला मला पाठव."