मॅडिसनचा १८८५चा नकाशा : भिंतीवर एक पावसाळा काढल्यानंतर

हा नकाशा शोधत इथवर आलेल्यांना तो माहीत असणारच, म्हणून ओळख थोडक्यात. विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन, हेन्री वेल्गेने रेखाटलेलं विहंगम दृश्य, प्रकाशक नॉरिस, वेल्गे अँड कंपनी, शिळाछपाई (दगडावरून छापणं, लिथोग्राफी) मिलवॉकीच्या बेक अँड पॉलीची. मी घेतली ती आजची प्रतिकृती: २४ × ३६ इंच, मॅट कागद, पिगमेंट शाई, फ्रेमसकट. ठाण्यात, समुद्राच्या हवेत, उन्हाळा आणि अख्खा पावसाळा ती भिंतीवर होती.

मुख्य तक्रार पाण्याची आहे.

मॅडिसन वसलंय मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर. त्यामुळे या नकाशात पाणी बरंच आहे. घरं, झाडं, गल्ल्या यांची गर्दी असते तिथे छपाईला वापरलेली स्कॅनची फाइल हलकी, म्हणजे कमी पिक्सेलची, असली तरी खपून जाते, कारण राहिलेला तपशील डोळा आपसूक भरून काढतो. पाण्यावर लपायला जागाच नाही. शिळाछापात पाण्याचा पोत बारीक रेघांनी आणि दाणेदार छटेने येतो. फाइल जास्त दाबली (कॉम्प्रेस केली) की आधी हाच पोत मरतो आणि त्या जागी चौकोनी डाग उरतात. माझ्या प्रतीत दोन्ही तळ्यांवर ते आहेत. हातभर अंतरावरून दिसत नाहीत, पण जवळ जाऊन बघण्यासाठीच तर असा नकाशा घ्यायचा असतो.

हे डाग मोजून फाइल किती लहान होती ते काढता येतं. जेपेग ही चित्राची नेहमीची फाइल-पद्धत चित्र ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबते. भिंग आणि पट्टी घेऊन एक चौकोन मोजला तर भरला साधारण अडीच मिलिमीटर. म्हणजे इंचाला ८०-८५ पिक्सेल, आणि ३६ इंचांना जेमतेम ३००० पिक्सेल. या आकाराला निदान २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके), म्हणजे ७२०० पिक्सेल हवेत. बारीक अक्षरं नीट वाचायची असतील तर ३०० डीपीआय, म्हणजे १०,८००. छापणाऱ्याने ३००० पिक्सेलचं चित्र ताणलं, वर शार्पनिंग मारलं, त्यामुळे किनाऱ्याच्या रेघेला दोन्ही बाजूंनी पांढरी कड आली आहे.

विक्रेत्याला मोजमापासकट फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘जुना नकाशा आहे, असाच दिसणार.’ हे साफ चूक आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या नकाशाचं मोठं स्कॅन सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, नकाशा केव्हाच स्वामित्वहक्काबाहेर गेलाय, आणि त्या स्कॅनमध्ये पाणी पाण्यासारखं दिसतं. म्हणजे फुकट मिळणारी चांगली फाइल सोडून कुठून तरी उचललेली लहान फाइल छापली आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. मला राग आहे तो याचा.

त्यावर आणखी पिवळा फिल्टर. मूळ कागद वयाने पिवळसर झालेला आहेच. त्यावर ‘अँटिक लुक’ चढवला की जमीन आणि पाणी एकाच चहाच्या रंगाचे होतात, आणि ज्या पट्टीमुळे हे शहर शहर झालं ती पट्टीच दिसेनाशी होते.

कागदाबद्दल मात्र मत बदललं. सुरुवातीला तो पातळ आणि स्वस्त वाटला होता, कारण जूनच्या शेवटी तो लाटांसारखा फुगला. फ्रेम उघडल्यावर कारण कळलं. प्रिंट चारही कडांना डबल टेपने माउंटबोर्डला (फ्रेममधल्या जाड पुठ्ठ्याला) चिकटवली होती. दमट हवेत कागद पसरतो, त्यातही तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. चारही बाजू जखडल्या असतील तर तो मधेच फुगणार. टेप काढून फक्त वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या लावल्या, बाकीच्या तीन बाजू मोकळ्या सोडल्या, आणि कागद सपाट झाला. शाई फुटली नाही, फिकी पडली नाही. कागद आणि शाईला पूर्ण मार्क.

फ्रेमच्या पाठीला एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड, होतं. एमडीएफ ओल पितं. खालच्या कोपऱ्यात बुरशी धरली होती. त्या जागी ५ मिमी सनबोर्ड (प्लास्टिक फोमचा हलका बोर्ड) घातला. काच प्रिंटला टेकत होती, ती माउंटबोर्डच्या जाडीने दूर केली. नाहीतर ओलीने कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना शाईसकट निघतो. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बंपर लावले की भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर हे लावूच नये. मागे सिलिका जेलच्या पुड्या ठेवून काही होत नाही, फ्रेम हवाबंद नसते.

नव्याने घेणाऱ्याने तयार प्रिंट घेऊ नये, लायब्ररी ऑफ काँग्रेसची फाइल स्वतः उतरवून छापून घ्यावी. टिफ किंवा जेपेग २००० या प्रकारची मोठी फाइल घ्यायची, स्क्रीनवर दिसणारं चित्र सेव्ह करायचं नाही. लांब बाजूचे पिक्सेल भागिले २००, हा तुमचा कमाल आकार इंचांत. रंग सुधारताना समासातली कोरी जागा किंचित उजळ करायची, पांढरीफेक नाही. मूळ छटा राहिली पाहिजे. मग आधी ए-४ एवढा तुकडा खऱ्या मापात छापून मागायचा, अख्खा नकाशा ए-४वर बसवून नव्हे. तुकड्यात थोडं पाणी, थोडा किनारा आणि खालच्या समासातली आकड्यांची सूची यावी. फ्लेक्सवाल्याकडे व्हिनाइलवर छापू नका. तिथली यंत्रं लांबून बघायच्या बोर्डांसाठी असतात.

सूची कापली जात नाही ना, तेही बघा. फ्रेमच्या ठरीव मापात बसवायला अनेकजण खालचा समास छाटतात. मग चर्च कुठलं, शाळा कुठली, हॉटेल कुठलं, काही कळत नाही. नकाशातले आकडे नुसते आकडे राहतात.

नकाशा म्हणून तो अप्रतिम आहे. जेम्स डोटीने १८३६ साली आखलेला मधला चौक आणि तिथून फुटणारे तिरके रस्ते एका नजरेत कळतात. स्टेट स्ट्रीट धरून विद्यापीठाच्या टेकडीपर्यंत बोट फिरवता येतं. चौकातलं कॅपिटॉल, म्हणजे राज्याचं विधिमंडळ भवन, आजचं नाही. ते १९०४च्या आगीत गेलं, आताची इमारत १९१७ साली पुरी झाली. तिथे शिकून आलेल्या कुणाला भेट द्यायची तर एवढं आवर्जून दाखवा.

अंतरं मात्र यावर मोजू नयेत. असे नकाशे मापात नसतात. चित्रकार गल्लीगल्लीतून फिरून इमारती टिपायचा आणि आकाशातल्या कल्पित जागेवरून दिसल्यासारख्या मांडायचा. पुढची घरं मोठी, मागची लहान. शिवाय गावातल्याच लोकांची वर्गणी जमवून हे नकाशे निघायचे, तेव्हा गाव नीटनेटकं आणि भरभराटीचं दिसणं ओघाने आलंच.

विक्रेत्याने शेवटी अर्धे पैसे परत केले. त्यात सनबोर्ड, नवा माउंटबोर्ड आणि मोठ्या फाइलवरून काढलेली दुसरी प्रिंट एवढं भागलं. फ्रेम तीच ठेवली आहे.